जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधील पाणी हळूहळू कमी का होते?

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णतेचेच ओढकामात रूपांतर होते. सुमारे तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते व राहिलेली इंजिनाच्या अंगात उतरते. ही उष्णता सतत बाहेर काढली गेली नाही, तर पिस्टन प्रसरण पावून स्लीव्हमध्ये आवळला जातो, वंगणतेलाचा थर नाहीसा होतो आणि इंजिन जाम होते. म्हणून स्लीव्हच्या भोवती पाणी खेळविलेले असते. वॉटर पंप हे पाणी इंजिनातून वर ढकलतो. वरच्या होज पाइपातून ते रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या होज पाइपातून पुन्हा पंपाकडे जाते. आयशरच्या जुन्या हवाशीत ट्रॅक्टरांसारखे अपवाद सोडल्यास खेड्यांतील बहुतेक ट्रॅक्टर, जीपगाड्या व मोटारी ह्याच रीतीने थंड राखल्या जातात.

ह्या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात यावी. ह्या व्यवस्थेत पाणी फिरते. ते खर्च होत नाही. तरीही बैलांना सकाळी पाणी दाखवावे त्याप्रमाणे जुन्या ट्रॅक्टरलाही रोज तांब्याभर पाणी पाजण्याची रीत अनेक ठिकाणी पडून गेलेली दिसते. "गाडी जुनी झाली, आता थोडे पाणी पिणारच," असे मालक म्हणतो व मिस्त्रीही त्यास दुजोरा देतो. हा समज चुकीचा आहे. इंजिन पंचवीस वर्षांचे असले तरी त्याला पाणी पिण्याचे कारण नाही. पाणी कमी होत असेल, तर ते कोठून तरी बाहेर जात आहे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, इंजिनाच्या आत जात आहे.

घट हळूहळू होते म्हणूनच ती धोक्याची असते. होज पाइप फुटला तर वाफेचा लोट उठतो आणि चालक तत्काळ इंजिन बंद करतो. रोज पावशेर घटणारे पाणी मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की ट्रॅक्टर पहाटेपासून रात्रीपर्यंत चालतो, गर्दीत सकाळची तपासणी चुकते आणि नेमक्या त्याच आठवड्यात इंजिन तापते. पाण्याच्या उष्णतेचा काटा आपल्याला वेळीच सावध करील, ह्या भरवशावरही राहू नये. काट्याचा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरे सांगतो. पातळी त्याच्याखाली उतरली की त्याच्याभोवती हवा किंवा वाफ राहते आणि इंजिन जळत असतानाही काटा मध्यावर, क्वचित त्याहूनही खाली, दिसू शकतो. शिवाय जुन्या ट्रॅक्टरांपैकी कितींचे काटे चालू असतात, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सांगावयास नकोच.

प्रथम मोजमाप

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाणी खरोखर किती व केव्हा कमी होते, हे मोजावे. ह्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा आणि सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असू शकते; झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते चेहऱ्यावर उसळते.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण तिच्यामुळे निष्कारण घोटाळा होतो. पाणी तापले की फुगते. पंचवीस अंशांचे पाणी नव्वद अंशांपर्यंत तापविले, तर त्याचे आकारमान शेकडा तीनपेक्षा थोडे अधिक वाढते. म्हणजे दहा लिटर पाणी मावणाऱ्या व्यवस्थेत सुमारे तीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर पाण्याला जादा जागा लागते. ज्या जुन्या ट्रॅक्टरांना पाणी परत घेणारी बाटली नसते, त्यांत गळ्यापर्यंत काठोकाठ पाणी भरले, तर इंजिन तापताच तेवढे पाणी ओव्हरफ्लो नळीतून जमिनीवर पडणारच. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, मालक पुन्हा काठोकाठ भरतो आणि ते पुन्हा बाहेर पडते. हा रोग नव्हे. अशा रेडिएटरमध्ये नळ्यांची तोंडे पूर्ण बुडून वर थोडे पाणी राहील इतकेच भरावे आणि गळ्याखाली दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवावी. ह्या पातळीवर पाणी चार-पाच दिवस स्थिर राहिले, तर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

पातळी त्याखालीही उतरत राहिली, तर नोंद ठेवावयास प्रारंभ करावा. मापाची खूण असलेली बाटली घेऊन रोज किती पाणी घालावे लागले, ट्रॅक्टर किती तास चालला आणि काम नांगरटीचे होते की रिकाम्या ट्रॉलीचे, हे वहीत लिहावे. आठवडाभराची अशी नोंद मिस्त्रीच्या तर्कापेक्षा अधिक बोलकी असते. ट्रॅक्टर दोन दिवस नुसता उभा असतानाही पाणी उतरत असेल, तर सांधा, पंप किंवा रेडिएटर ह्यांतून साधी गळती आहे, असे समजावे. उभा असताना पातळी टिकून राहते व केवळ चालविल्यावर घटते, अशा वेळी दाबाखाली उघडणारी फट किंवा निकामी झाकण ह्यांचा संशय घ्यावा. जड कामात फार व हलक्या कामात नगण्य घट होत असेल, तर पाणी उकळून बाहेर पडत आहे का, हे आधी पाहावे. मळणीच्या दिवसांत ह्याचे कारण पुष्कळदा साधे असते: भुसा व धूळ रेडिएटरच्या जाळीत बसून वारा अडलेला असतो. पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या उलट, पाण्याची हलकी धार मारून ही जाळी धुवावी. धार जोराची असल्यास पातळ पाकळ्या वाकून जाळी कायमची बंद होते.

बाहेरची गळती

बारीक गळतीचे पाणी तापलेल्या लोखंडावर पडताच वाळून जाते. त्यामुळे ओल दिसत नाही, डाग मात्र राहतो. तेव्हा गळती शोधताना थेंब न शोधता डाग शोधावा. साधे पाणी वापरले असल्यास पांढरी किंवा तांबूस खपली धरते. कूलंट वापरले असल्यास त्याच्या रंगाचे चिकट पूट दिसते. इंजिन आधी धुऊन कोरडे करावे, रात्री खाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि सकाळी विजेरी घेऊन पाहावे. काही सांधे इंजिन थंड पडून धातू आकसल्यावरच पाझरतात; त्यांचा माग ह्या पुठ्ठ्यावर लागतो.

होज पाइपांची टोके सर्वप्रथम पाहावी. रबर दाबून पाहता ते भुसभुशीत लागले किंवा वाकविल्यावर भेगा दिसल्या, तर पाइप बदलावा. नुसती क्लिप आवळून मऊ झालेले रबर कापले जाते. त्यानंतर वॉटर पंप. पंपाच्या पोटाखाली एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपाचे सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता ह्या भोकातून बाहेर यावे, असा त्याचा हेतू आहे. तेथून थेंब येत असेल, तर तो पंपाने दिलेला इशारा समजावा. काही मंडळी हे भोक एम-सीलने बुजवितात! असे केल्याने गळती थांबत नाही. पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पुढे पंपाचा दांडा हलून पंखा रेडिएटरवर आपटण्याची पाळी येते.

इंजिनाच्या ठोकळ्याच्या बाजूस पत्र्याच्या वाटीसारखी गोल बुचे बसविलेली असतात. वर्षानुवर्षे साधे पाणी वापरलेल्या इंजिनात ती आतून गंजून पातळ होतात. त्यांच्या कडेने तांबूस ओघळ दिसल्यास बूच बदलावे. रेडिएटरची वरची व खालची टाकी नळ्यांच्या पत्र्याला जेथे डाखाने जोडलेली असते, तो सांधा आणि पाणी सोडण्याची तोटी ह्याही जागा पाहाव्यात. जुन्या मोटारीत, तिला हीटर असल्यास, आणखी एक जागा असते. हीटरची लहान जाळी गळू लागली की पायाखालचा गालिचा ओला होतो, आतून काचेवर धुके धरते आणि गाडीत गोडसर वास येतो. ट्रॅक्टरमालकास ही काळजी सहसा नसते.

डोळ्यांनी गळती सापडली नाही, तर हातपंपाची दाबचाचणी करावी. हा लहान पंप रेडिएटरच्या गळ्यावर झाकणाच्या जागी बसतो. इंजिन थंड असताना झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरावी व दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला तर दाब कोठून तरी सुटत आहे. त्याच स्थितीत सर्व सांधे पुन्हा पाहिले, तर थंड इंजिनावरील गळती वाळून न जाता थेंबरूपाने दिसते. झाकणावरील दाबापेक्षा अधिक हवा भरू नये; जुन्या रेडिएटरचा सांधा त्यानेच उसवतो. गावातील अवजारे बँकेने असा एक पंप संग्रही ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचा उपयोग सर्वांना आहे आणि तो वापरण्यास फारसे कौशल्य लागत नाही.

झाकण

रेडिएटरचे झाकण म्हणजे डब्याचे टोपण नव्हे. त्यात स्प्रिंगवर बसलेली दाबाची झडप असते. पाण्यावर दाब वाढला की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. पुण्यासारख्या सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या ठिकाणी उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. उलट, झाकणावर ७ हा आकडा असेल, म्हणजे ते दर चौरस इंचास सात पौंड दाब धरून ठेवीत असेल, तर समुद्रसपाटीस तेच पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. उन्हाळ्यात जड नांगरट करताना हेच काही अंश इंजिन वाचवितात. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा लाभ जातो आणि पाणी ओव्हरफ्लो नळीतून थोडेथोडे निघून जाते. मूळ झाकण हरवले म्हणून हाती लागेल ते झाकण किंवा चक्क चिंधीचा बोळा बसविलेले ट्रॅक्टर पाहावयास मिळतात. त्यांच्या मालकांनी गॅस्केटला दोष देण्यापूर्वी योग्य दाबाचे नवे झाकण आणावे. पाणी घटण्याच्या कारणांपैकी सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच आहे.

ज्या गाड्यांना पाणी परत घेणारी बाटली असते, त्यांच्या झाकणात आणखी एक लहान उलटी झडप असते. इंजिन निवताना ती उघडते व बाटलीतील पाणी रेडिएटरमध्ये परत ओढले जाते. बाटली भरलेली, पण रेडिएटर मात्र रिकामा, असे आढळले तर ही झडप अडकली आहे किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीस चीर पडून तेथून हवा ओढली जात आहे, असे ओळखावे. नुसती बाटली पाहून समाधान मानणाऱ्याची येथे फसगत होते.

इंजिनाच्या आतील गळती

झाकण नवे आहे, बाहेर कोठे डाग नाही, तरीही दाब टिकत नाही व पाणी घटते, अशा वेळी ते इंजिनात जात आहे असे धरून चालावे. हेड व ठोकळा ह्यांमधील गॅस्केट जळणे, हेडला चीर पडणे, किंवा ओल्या स्लीव्हच्या तळाशी असलेली रबरी कडी निकामी होणे, ही त्याची मुख्य कारणे होत. ओली स्लीव्ह म्हणजे जिच्या पाठीला पाणी थेट लागते ती. पिस्टनच्या हादऱ्यांनी तिची भिंत थरथरते, तिला लागून असलेल्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूचा कण टिपतो. कालांतराने स्लीव्हला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. गंजरोधक द्रव्ये नसलेले नुसते पाणी वापरल्यास ही झीज फार लवकर होते.

ह्याची लक्षणे शांतपणे पाहावीत. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. डिपस्टिकवरील तेलाची पातळी न घालता वाढते किंवा तेल ताक घुसळल्यासारखे पांढुरके दिसते. हिवाळ्यात थोडा वेळ चालविलेल्या इंजिनाच्या तेलाच्या झाकणाखाली किंचित पांढरा फेस धरतो, तो मात्र दवाचा असतो. तेवढ्यावरून हेड उघडू नये. संशय असल्यास डिपस्टिकवरील एक लहान थेंब तापलेल्या तव्यावर टाकून दूर उभे राहावे. तेलात पाणी असल्यास तो फोडणीप्रमाणे तडतडतो. दुसरी परीक्षा अशी: ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तेलाच्या चेंबरचा बोल्ट अगदी हळू सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते व तेलाच्या आधी तेच बाहेर येते. असे पाणी आढळले, तर ते इंजिन घरापर्यंत नेण्यासाठीसुद्धा चालू करू नये. पाणीमिश्रित तेलावर क्रँकची बेअरिंगे फार काळ टिकत नाहीत आणि जी दुरुस्ती गॅस्केटवर भागली असती ती क्रँकपर्यंत जाते.

ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असल्यास थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात, पाणी तापण्यापूर्वीच, वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो. थंड इंजिनाचे झाकण काढून, पंख्याचा पट्टा उतरवून, एका मिनिटापेक्षा अधिक नाही इतकेच इंजिन चालवावे व गळ्यात पाहावे. आरंभीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. अखंड येणारे बुडबुडे गॅस्केट किंवा हेड ह्यांचा दोष दाखवितात. सकाळी स्टार्टर मारताच इंजिन अर्धवट फिरून अडत असेल, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी नोझल काढून मगच इंजिन हाताने फिरवावे.

गॅस्केट बदलताना हेडची सपाटी पट्टीने तपासून घ्यावी व आवश्यक तर लेथवर फेसिंग करावे. बोल्ट माहितीपुस्तकात दिलेल्या क्रमाने व तेवढ्याच पिळाने, पिळमापक पान्याने आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळलेले हेड पुढच्या हंगामात पुन्हा उघडावे लागते.

हळद, पीठ आणि थर्मोस्टॅट

वाटेत रेडिएटर गळू लागल्यास त्यात हळद टाकण्याची युक्ती चालकांत जुनी आहे; कोणी पीठ टाकतात. बारीक भोक तेवढ्यापुरते बुजते, हे नाकारता येत नाही. रानातून घर गाठावयाचे असेल तर एखाद्या वेळी तिला दोष देऊ नये. परंतु तीच पूड रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसते. गळती थांबविणाऱ्या बाजारी पुडीचा गुणही ह्याहून फार निराळा नाही. घर गाठल्यावर रेडिएटर धुऊन खरी दुरुस्ती करावी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र पूर्णपणे त्याज्य आहे. पाणी ठरावीक उष्णतेस, बहुधा ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान, पोचेपर्यंत थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढल्यास इंजिन हलक्या कामात थंड राहते, डिझेल अधिक जळते, तेलात गाळ धरतो आणि स्लीव्ह लवकर झिजते. काही इंजिनांत तर आतील पळवाट उघडी राहून पाणी रेडिएटर टाळून फिरते व इंजिन उलट अधिक तापते. थर्मोस्टॅट बिघडला असल्यास नवा बसवावा. तो भांड्यातील पाण्यात बुडवून तापविल्यास उघडतो की नाही, हे चुलीवरही पाहता येते.

कोणते पाणी घालावे

रोज थोडे पाणी घालण्याचा दुसरा तोटा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, विहिरीच्या लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत आणि रोज अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. दोनशे दिवसांत शंभर लिटर पाणी घातले जाईल आणि पन्नास ग्रॅम क्षार आत साचतील. ते सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेड व स्लीव्ह ह्यांच्या पाठीवर, खपलीच्या रूपाने बसतात आणि तेथूनच उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग अडतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणी रेडिएटरला दाखवूच नये. बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी उत्तम. ते नसल्यास स्वच्छ छतावरून पहिले एक-दोन पाऊस सोडून साठविलेले पावसाचे पाणी गाळून वापरावे.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर गंज हे आहे. सामान्य कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये असतात. शुद्ध पाण्यात ते निम्मेनिम्म मिसळतात. तयार मिसळलेले कूलंट घेतल्यास त्यात पाणी घालू नये. रंगावरून जात ओळखू नये व दोन जातींची सरमिसळ करू नये. माहितीपुस्तकात सांगितलेलेच घ्यावे. गळती चालू असताना वरून नुसते पाणी घालत राहिल्यास कूलंट किती झपाट्याने विरळ होते, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. दहा लिटरच्या व्यवस्थेत शेकडा ५० कूलंट आहे. दर वेळी एक लिटर मिश्रण गळते व एक लिटर पाणी घातले जाते. दहा वेळा असे झाल्यावर कूलंटचे प्रमाण शेकडा सतराच्या आसपास येते. रंग अजून दिसत असतो, संरक्षण मात्र गेलेले असते.

रानात इंजिन तापून पाणी संपलेच, तर इंजिन बंद करून ते हाताला सोसवेल इतके निवू द्यावे, मगच पाणी हळूहळू घालावे. तापलेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड तडकते. घाईत वाचविलेला अर्धा तास असा महागात पडतो.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याची चव गोड असते. रेडिएटर रिकामा करताना ते जमिनीवर सोडल्यास कुत्री, मांजरे व वासरे ते चाटतात. मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावतात. म्हणून खाली घमेले ठेवून सर्व द्रव गोळा करावा, तो विहीर, ओढा किंवा गोठ्याजवळ टाकू नये आणि पिण्याच्या पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत साठवू नये. झाकणाच्या डब्यात भरून, वर खूण करून, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा व मोटार दुरुस्तीच्या ज्या कारखान्यात जुने तेल गोळा केले जाते तेथे ह्याविषयी विचारून पोचता करावा. जनावराने ते प्यायल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच घटकेस पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आरंभी झोकांड्या खाणारे जनावर काही तासांनी सुधारल्यासारखे दिसते, पण त्या वेळीही आतील अपाय वाढतच असतो. माणसाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, पोटात ते गेल्यास अशीच त्वरा करून रुग्णालयात न्यावे व कूलंटचा डबा बरोबर घ्यावा.